आकाशातून पिकांची पाहणी : उपग्रह व विमानांवरील उपकरणे आणि वऱ्हाडातील शेती

दुष्काळाची घोषणा, पीक विम्याची भरपाई आणि पेऱ्याखालील क्षेत्राचा अंदाज या तिन्ही कामांत उपग्रहांनी घेतलेल्या चित्रांचा आधार हल्ली घेतला जातो. गावी सभा भरली की या विषयावर हटकून प्रश्न येतात. "वरून आमचं वावर हिरवं दिसलं म्हणता, पण बोंडात अळी होती ते त्या उपग्रहाला दिसलं काय?" असा प्रश्न कपाशी पिकविणाऱ्या शेतकऱ्याने विचारला, तर गावपातळीवरील कार्यकर्त्यास त्याचे उत्तर देता आले पाहिजे. त्यासाठी ही उपकरणे काय पाहतात, कसे पाहतात व कोणती गोष्ट त्यांना मुळीच दिसत नाही, हे समजून घेणे अवश्य आहे. या विषयास सुदूर संवेदन असे म्हणतात. वस्तूस स्पर्श न करता, तिच्यापासून येणाऱ्या प्रकाशावरून किंवा उष्णतेवरून तिची स्थिती ओळखणे, एवढाच या शब्दाचा अर्थ होय.

पान आणि प्रकाश

सूर्यप्रकाशात आपल्या डोळ्यांना दिसणारे रंग असतात व न दिसणारे किरणही असतात. हिरवे पान आपले अन्न तयार करण्यासाठी निळा व तांबडा प्रकाश शोषून घेते व हिरवा थोडा परत फेकते. म्हणून ते आपणास हिरवे दिसते. तांबड्याच्या पलीकडे डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश असतो. पानाच्या आतील पेशी व त्यांच्यामधील हवेच्या पोकळ्या यांमुळे निरोगी पान हा प्रकाश मोठ्या प्रमाणावर परत फेकते. पान रोगाने किंवा पाण्याच्या ताणाने खंगू लागले की तांबडा प्रकाश कमी शोषला जातो आणि अवरक्त प्रकाश कमी परत येतो.

या दोहोंच्या फरकावरून हिरवेपणाचा निर्देशांक काढतात. तो एनडीव्हीआय या नावाने कागदपत्रांत आढळेल. अवरक्तातून तांबडा वजा करावा आणि आलेल्या फरकास दोहोंच्या बेरजेने भागावे. समजा, भरात आलेल्या सोयाबीनवरून अवरक्त प्रकाशाचे शेकडा ४५ व तांबड्याचे शेकडा ५ भाग परत आले. फरक ४०, बेरीज ५०, म्हणून निर्देशांक ०.८. वखरून ठेवलेल्या काळ्या रानावरून अवरक्त १४ व तांबडा १० परत आला, तर फरक ४, बेरीज २४ व निर्देशांक सुमारे ०.१७ येईल. आपली काळी जमीन दोन्ही प्रकाश गिळून टाकते. त्यामुळे तिच्यावरील कोवळे पीकही चित्रात चटकन उठून दिसते. हा वऱ्हाडच्या मातीचा एक फायदाच म्हणावयाचा.

आपल्या देशात या शास्त्राचा आरंभ एका पिकाच्या रोगापासून झाला. केरळात नारळाच्या झाडांना मूळकुजव्यासारखा एक मर रोग लागला होता. १९७० च्या सुमारास डॉ. पिशारोटी व त्यांच्या सहकाऱ्यांनी हेलिकॉप्टरमधून अवरक्त प्रकाश टिपणाऱ्या फिल्मवर नारळबागांची छायाचित्रे घेतली, आणि रोगट झाडे निरोगी झाडांहून निराळ्या रंगात दिसली. पुढे १९७९ मध्ये भास्कर हा उपग्रह आणि १७ मार्च १९८८ रोजी आयआरएस-१ए हा आपला पहिला पूर्ण उपयोगाचा सुदूर संवेदन उपग्रह आकाशात गेला. त्याच वर्षी नागपूर येथे महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्राची स्थापना झाली. विदर्भातील पिके, पाणलोट व जमिनी यांचे अनेक नकाशे या केंद्रात तयार झाले आहेत.

एका ठिपक्यात किती जमीन मावते

उपग्रहाचे चित्र हे लहान लहान चौकोनी ठिपक्यांचे बनलेले असते. एका ठिपक्यात जेवढी जमीन येते तिचा एकच सरासरी आकडा मिळतो. त्या चौकोनाच्या आत काय काय होते ते वेगळे सांगता येत नाही.

रिसोर्ससॅट-२ हा आपला उपग्रह २०११ मध्ये व रिसोर्ससॅट-२ए हा २०१६ मध्ये सोडण्यात आला. सुमारे ८१७ किलोमीटर उंचीवरून, १०१ मिनिटांत पृथ्वीची एक फेरी करीत, त्याच मार्गावर २४ दिवसांनी परत यावे अशी त्यांची कक्षा ठरविलेली आहे. त्यांवर तीन कॅमेरे आहेत. लिस-३ या कॅमेऱ्याचा ठिपका २३.५ मीटरचा आहे, म्हणजे जमिनीवर सुमारे साडेपाच गुंठे. लिस-४ चा ठिपका ५.८ मीटरचा आहे, पण त्याचा पट्टा अरुंद आहे. ॲविफ्स या कॅमेऱ्याचा ठिपका ५६ मीटरचा, म्हणजे ३१ गुंठ्यांचा; मात्र तो एका वेळी ७४० किलोमीटर रुंदीचा पट्टा पाहतो व पाच दिवसांनी पुन्हा तेथे येतो. बारीक पाहावे तर वारंवार पाहता येत नाही, आणि वारंवार पाहावे तर बारीक दिसत नाही, असा हा हिशेब आहे. युरोपच्या सेंटिनेल-२ या उपग्रहांची जोडी १० मीटरचा ठिपका, म्हणजे साधारण एक गुंठा, पाच दिवसांच्या अंतराने देते व तिची चित्रे कोणासही विनामूल्य मिळतात.

आता एक एकराचे चौकोनी वावर घ्या. त्याची बाजू सुमारे ६४ मीटर. लिस-३ चे ठिपके त्याच्या रुंदीत पावणेतीनसुद्धा बसत नाहीत. पूर्णपणे त्या वावराच्याच आत पडणारा ठिपका एखाद-दुसराच सापडेल. बाकीच्या ठिपक्यांत धुरा, धुऱ्यावरची बाभूळ आणि शेजाऱ्याचे पीक मिसळलेले असणार. आपल्याकडे कपाशीत तुरीच्या ओळी असतात, सोयाबीनच्या काही तासांनंतर तुरीचे तास टाकलेले असते. अशा मिश्र पिकात दहा मीटरच्या ठिपक्यातही शुद्ध सोयाबीन किंवा शुद्ध तूर कधी येत नाही. म्हणून "माझ्या सात-बाऱ्यावरील अमुक गटात उपग्रहाने काय पाहिले" या प्रश्नाचे खात्रीचे उत्तर लहान खातेदारास देता येत नाही. मंडळात किंवा तालुक्यात एकंदर काय स्थिती होती याचे उत्तर मात्र पुष्कळ अंशी देता येते. हा भेद सभेत स्पष्ट करून सांगावा. तो न सांगितल्याने शेतकऱ्याचा अविश्वास वाढतो असा अनुभव आहे.

पिके ओळखली जातात ती तारखांवरून

ऑगस्टच्या मध्यास घेतलेल्या एकाच चित्रावरून सोयाबीन कोणते व कपाशी कोणती हे सांगणे कठीण जाते. दोन्ही हिरवी. परंतु प्रत्येक पिकाची हिरवे होण्याची व वाळण्याची चाल ठरलेली आहे. जूनअखेर पेरलेले सोयाबीन ऑगस्टमध्ये जमीन झाकून टाकते आणि सप्टेंबरच्या अखेरीपासून पाने पिवळी पडून गळू लागतात. ऑक्टोबरच्या मध्यास तेथे मोकळे रान दिसते. पऱ्हाटी सावकाश पसरते, सप्टेंबर-ऑक्टोबरात सर्वांत हिरवी असते. तूर त्याहून उशिरापर्यंत हिरवी राहते. हरभरा व गहू नोव्हेंबरनंतर वर येतात. मृग व आंबिया बहाराच्या संत्राबागा मात्र बारमाही हिरव्या. वरूड-मोर्शी भागातील बागा एप्रिल-मेच्या चित्रांत उघड्या रानाच्या मध्ये हिरव्या ठिगळांसारख्या स्पष्ट दिसतात. संत्र्याची लागवड सहा मीटर अंतरावर केली असेल तर हेक्टरी २७७ झाडे बसतात, आणि लिस-४ च्या एका ठिपक्यात साधारण एक झाड येते. संत्र्यासारख्या फळबागा मोजण्याच्या कामी या कॅमेऱ्याचे महत्त्व आहे ते यामुळेच.

याच तारखांच्या ज्ञानाचा आणखी एक उपयोग व्हावा असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. डिसेंबरनंतरही उभी ठेवलेली फरदड कपाशी गुलाबी बोंडअळीला पुढील हंगामापर्यंत आसरा देते. जानेवारी-फेब्रुवारीत आकाश बहुधा निरभ्र असते. खरिपात कपाशी म्हणून नोंदलेली जी क्षेत्रे त्या काळातही हिरवी दिसतील, त्यांची यादी करून कार्यकर्त्यांनी भेटी दिल्यास वेळ व श्रम दोन्ही वाचतील. तेथे कपाशी काढून हरभरा घेतलेला असण्याचाही संभव असतो. म्हणून भेट चुकवून चालणार नाही.

ढगांच्या खाली

खरिपाची सर्वांत मोठी अडचण ढगांची. जून ते सप्टेंबर या काळात ज्या दिवशी उपग्रह वरून जातो नेमके त्या दिवशी आभाळ भरलेले असते, आणि प्रकाशावर चालणाऱ्या कॅमेऱ्यास ढगच दिसतात. यावर उपाय म्हणजे रडार. रडार स्वतःच लहरी खाली सोडते व परत येणारा प्रतिध्वनी मोजते. या लहरींची लांबी काही सेंटिमीटर असते. ढगातील जलकण तिच्या मानाने इतके सूक्ष्म असतात की लहर त्यांतून विनासायास पार होते. सूर्याची गरज नसल्याने रात्रीही काम चालते. भारताने २०१२ मध्ये रिसॅट-१ व १४ फेब्रुवारी २०२२ रोजी ईओएस-०४ हे रडार-उपग्रह सोडले. ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोटा येथून निसार हा भारत व अमेरिका यांचा संयुक्त उपग्रह गेला. त्याची जाळीची तबकडी १२ मीटर व्यासाची असून तो १२ दिवसांनी त्याच मार्गावर परत येतो. त्याच्या दोन लहरींपैकी लांब लहर सुमारे २४ सेंटिमीटरची आहे. ती पानांच्या थरातून आत शिरून खोडाची व जमिनीची खबर अधिक चांगली आणते.

रडार दोन गोष्टींना जबाब देते : ओलावा आणि खडबडीतपणा. ओली जमीन जोराचा प्रतिध्वनी देते. परंतु खोल नांगरलेली, मोठी ढेकळे पडलेली कोरडी जमीनही जोराचा प्रतिध्वनी देते. तासांची दिशा लहरींच्या आडवी असली की प्रतिध्वनी बदलतो. म्हणून वावर नांगरलेले आहे, वखरलेले आहे की डवरलेले, ही नोंद क्षुल्लक समजू नये. आणखी असे की, रडारला कळतो तो वरच्या काही सेंटिमीटरांतला ओलावा. आपली काळी जमीन वरून भेगाळलेली असताना हातभर खाली ओल धरून असते आणि त्याच ओलीवर हरभरा येतो. वरचा थर कोरडा दिसला म्हणून पीक सुकले असे काळ्या जमिनीत धरता येत नाही.

उष्णता मोजणाऱ्या उपकरणांचा येथे उल्लेख केला पाहिजे. पाणी मिळणारे झाड पानांतून बाष्प सोडते व त्यायोगे थंड राहते, जसे ओले फडके गुंडाळलेले मडके थंड राहते. पाणी तुटले की पान तापते. हा ताण हिरवा रंग जाण्यापूर्वीच ओळखू येतो. लँडसॅट-८ या अमेरिकन उपग्रहावरील उष्णतामापक उपकरणाचा ठिपका मात्र १०० मीटरचा, म्हणजे पूर्ण एका हेक्टराचा आहे.

पाण्याचा रंगही वरून टिपला जातो. जून २०२० मध्ये बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवराचे पाणी गुलाबी झाले, ते याच लँडसॅट-८ च्या २५ मे व १० जूनच्या चित्रांत स्पष्ट दिसले. क्षार वाढल्यामुळे फोफावलेल्या सूक्ष्म जीवांचा तो रंग होता, हे पाण्याचे नमुने प्रयोगशाळेत तपासल्यावरच ठरले.

जे वरून दिसत नाही

पूर्णा नदीच्या दोन्ही बाजूंस अकोला, अमरावती व बुलढाणा जिल्ह्यांत पसरलेला खारपाणपट्टा हे याचे उत्तम उदाहरण होय. उत्तर प्रदेशातील ऊसर जमिनीवर क्षाराचा पांढरा थर चढतो व तो उपग्रहास सहज दिसतो. दर्यापूर, अकोट, तेल्हारा, बाळापूर भागातील आपल्या जमिनीवर असा थर बहुधा नसतो. सोडियम खालच्या थरांत साठलेला असतो; त्यामुळे पाणी मुरत नाही, वाफसा लवकर येत नाही आणि विहिरीचे पाणी खारे लागते. वरून पाहावे तर जमीन इतर काळ्या जमिनीसारखीच काळी. नागपूर येथील राष्ट्रीय मृद सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन ब्यूरोच्या शास्त्रज्ञांनी या खोऱ्यातील जमिनींचा अभ्यास खड्डे खणून, थराथरांची माती तपासून केला आहे. उपग्रह फार तर एवढे सुचवू शकेल की, अमुक टापूत पावसानंतर पाणी अधिक दिवस साचून राहते किंवा पीक दरवर्षी विरळ येते. तेथे खड्डा घ्यावा आणि माती परीक्षणास पाठवावी. जिप्सम किती टाकावे हे त्या अहवालावरून ठरते. चित्रावरून ठरवू नये.

विहिरीची पाणीपातळीही दिसत नाही. गुरुत्वाकर्षणातील फरकावरून भूजलाचा अंदाज घेणारी उपग्रहांची एक जोडी आहे खरी, पण तिला शेकडो किलोमीटरच्या टापूतील एकूण घट कळते. वरूडच्या एखाद्या संत्राबागेतील विहीर किती उतरली, हे दोर सोडूनच मोजावे लागते.

आता आरंभीच्या प्रश्नाकडे येऊ. २०१७ च्या खरिपात गुलाबी बोंडअळीने विदर्भातील कपाशीचे फार मोठे नुकसान केले. ही अळी बोंडाच्या आत राहून सरकी खाते. झाड हिरवेच राहते, पानांचा निर्देशांक उतरत नाही. उलट बोंडे गळाल्यावर झाड नवी पालवी फोडते, तेव्हा आकडा चांगलाही दिसतो. याच्या उलट सोयाबीनचा पिवळा मोझॅक पानावर उमटत असल्याने त्याची काही खूण चित्रात येऊ शकते. पण सोयाबीन पक्व होतानाही पिवळेच पडते, आणि पेरणीची तारीख माहीत नसेल तर रोग कोणता व पक्वता कोणती हा भेद होत नाही. म्हणून बोंडअळीसाठी कामगंध सापळ्यांस पर्याय नाही. एका सापळ्यात दर रात्री ८ पतंग सलग ३ रात्री सापडले, अथवा २० हिरवी बोंडे फोडून त्यांपैकी २ किडलेली निघाली, की नुकसानीची पातळी गाठली असे समजावे. विम्याच्या दाव्यातही हिरव्या चित्राने बोंडांचे नुकसान खोटे ठरत नाही. केंद्र शासनाने २०२३ मध्ये पीक विमा योजनेत यस-टेक ही तंत्राधारित उत्पादन-अंदाजाची पद्धती आणली, तिच्यातही पीक कापणी प्रयोगांस स्थान ठेवलेले आहे. कपाशीच्या बाबतीत ते स्थान कमी होऊ नये, हे आमचे स्पष्ट मत आहे.

विमान आणि ड्रोन

उपग्रह ठरलेल्या वेळीच येतो. विमान आपण म्हणू तेव्हा उडते व ढगांच्या खालूनही जाते. २०१५-१६ मध्ये इस्रोच्या विमानावर ॲव्हिरिस-एनजी हे अमेरिकन उपकरण बसवून देशाच्या अनेक भागांवरून पाहणी करण्यात आली. साध्या कॅमेऱ्यात तीन-चार रंगपट्टे असतात. या उपकरणात चारशेहून अधिक बारीक पट्टे आहेत. जमिनीतील खनिजे व पानांतील घटकद्रव्ये यांतील सूक्ष्म फरक त्यामुळे वेगळे काढता येतात. ड्रोन तर गावोगाव पोचला आहे. २०२० मध्ये सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत गावठाणांची मोजणी त्याच्याच साहाय्याने झाली. गारपिटीनंतर किंवा पुरानंतर एका शिवाराची पाहणी करण्यास ड्रोन उत्तम. तालुक्याच्या पाहणीस मात्र तो पुरा पडत नाही.

दुष्काळाचा आकडा आणि कार्यकर्त्याची वही

केंद्र शासनाच्या २०१६ च्या दुष्काळ व्यवस्थापन संहितेत पावसाबरोबर पिकाच्या हिरवेपणाचाही विचार केला जातो. त्यातील एक रीत अशी : त्याच पंधरवड्यात मागील वर्षांत निर्देशांक कमीत कमी किती व जास्तीत जास्त किती होता ते पाहावयाचे आणि यंदाचा आकडा त्यांच्यामध्ये कोठे बसतो ते शेकड्यात काढावयाचे. समजा, कमीत कमी ०.३०, जास्तीत जास्त ०.७० आणि यंदा ०.४२ आहे. ०.१२ भागिले ०.४०, म्हणजे शेकडा ३०. हा आकडा ६० हून अधिक असेल तर स्थिती ठीक. ४० हून कमी असेल तर ती चिंताजनक मानतात. परंतु पाऊस लांबल्याने पेरणी तीन आठवडे उशिरा झाली असेल, तर पीक चांगले असूनही ऑगस्टमध्ये आकडा कमी येईल. मंडळातील बरीच कपाशी जाऊन सोयाबीन आले असेल, तर ऑगस्टचा आकडा फुगेल आणि ऑक्टोबरचा कोसळेल; त्यात दुष्काळ काहीच नसेल. म्हणून संहितेनेही बाधित तालुक्यातील शेकडा १० गावांत प्रत्यक्ष पाहणी सांगितली आहे. ३१ ऑक्टोबर २०१८ रोजी राज्यातील १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला, तो या नव्या पद्धतीनेच.

ही प्रत्यक्ष पाहणी, जिला भू-सत्य म्हणतात, गावपातळीवरील कार्यकर्त्याच्या हाती आहे. नोंदीसाठी शक्यतो एक हेक्टर किंवा त्याहून मोठे, सलग एका पिकाचे वावर निवडावे. धुऱ्यावर उभे राहून मोबाइलवर स्थान नोंदू नये; निदान ३० मीटर आत जावे, झाडाखाली थांबू नये, आणि स्थानाची अचूकता ५ मीटरच्या आत आल्यावरच नोंद घ्यावी. चारी दिशांचे छायाचित्र काढावे. पीक, आंतरपीक व त्याच्या तासांचे प्रमाण, दोन ओळींतील अंतर, तणाची स्थिती, शेवटची डवरणी केव्हा झाली, ओलित आहे की कोरडवाहू, आणि सभोवतालच्या चार वावरांत काय उभे आहे, हे सर्व लिहावे. "सोयाबीन, बरे" अशा दोन शब्दांच्या नोंदीचा चित्र वाचणाऱ्यास काही उपयोग होत नाही.

पेरणीच्या तारखेबाबत विशेष काळजी घ्यावी. शेतकरी नक्षत्रावरून सांगतात : मृगात पेरले, आर्द्रात पेरले. एक नक्षत्र तेरा-चौदा दिवसांचे असते आणि तेवढ्या फरकाने सोयाबीनचा सबंध आलेख सरकतो. तेव्हा बियाण्याच्या पावतीवरून, पहिल्या मोठ्या पावसाच्या आठवणीवरून किंवा बाजाराच्या वारावरून नेमका दिवस काढून घ्यावा. दुबार पेरणी झाली असल्यास दोन्ही तारखा लिहाव्यात. ऑगस्टमध्ये ज्या वावराची नोंद केली, त्याच वावरात ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात पुन्हा जावे, त्याच जागी उभे राहावे आणि सोयाबीन कापले की उभे आहे, कपाशीस हिरवी बोंडे किती व फुटलेली किती, हे लिहून दोन्ही नोंदी एकत्र जोडून पाठवाव्यात.